बी, पाट आणि माती : कॅन्सर काळजात कसा उतरतो?

मराठीत 'काळीज' म्हटलं की आपण छातीवर डाव्या बाजूला हात ठेवतो. काळजाचा ठोका चुकतो, काळीज तुटतं, गाणं काळजाला भिडतं... सगळा मामला हृदयाचा. पण खाटकाच्या दुकानात जाऊन 'पाव किलो कलेजी द्या' म्हणा, तो निमूटपणे लिव्हर तोलून देईल. 'जिगर' शब्दाचंही तेच. मूळ फारसी अर्थ यकृत, आणि आपण मात्र जिगरबाज म्हणतो धाडसी माणसाला. थोडक्यात काय, हा अवयव आपल्या भाषेत जागोजागी आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही. आजचं पोस्ट या खाटकाच्या काळजाबद्दल आहे.

विषय जरा जड आहे हे आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. फॉर्म्युले नाहीत, घाबरू नका. इतिहास आहे, आणि थोडी शेती आहे.

मी याच्या मागे का लागलो ते दोन ओळींत सांगतो. साक्रीला माझी आत्या होती. तिला आधी ब्रेस्ट कॅन्सर झाला. साक्री ते धुळे, धुळे ते मुंबई अशा वाऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं, किमो झाली, सगळं नीट चाललं होतं. तीन वर्षांनी सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. मग गल्लीत एकच प्रश्न. शेजारच्या आजी अहिराणीत विचारायच्या, "काळीजमा गाठ कशी व्हयनी, माय?" त्यांच्या विचारण्यात माया होती. पण बाकीच्यांच्या प्रश्नात एक छुपा प्रश्न असायचा : लिव्हर खराब होतं ते दारूने, मग हिचं कसं झालं? आयुष्यात सोड्याच्या बाटलीलाही हात न लावलेल्या बाईला शेवटच्या काही महिन्यांत याचा खुलासा देत बसावं लागलं. आत्या २०२२ मध्ये गेली. 'कशी व्हयनी' हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. दोनशे वर्षं भलेभले लोक तोच प्रश्न विचारत होते, हे मला नंतर वाचताना कळलं.

आधी पाण्याची गोष्ट

साक्री-धुळ्याकडच्या वाचकांना 'फड' सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. आमच्याकडे पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि चाऱ्यांच्या पाण्यावर शेतांचे मोठाले तुकडे भिजतात. त्या तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. आर्किटेक्चर म्हणून विचार केला तर अफलातून सिस्टिम आहे, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

पाटाच्या पाण्याबरोबर अजून एक गोष्ट येते, तणाचं बी. वरच्या शेतात गाजरगवत फुलोऱ्यावर आलं की खालच्याने काय ते समजून घ्यावं. मात्र पाणी सगळीकडे सारखं फिरलं तरी तण सगळीकडे सारखं उगवत नाही. एका तुकड्यात माजतं, शेजारच्यात चार काड्या. शेतकऱ्याला विचारा का, तर तो म्हणेल, "माती."

पाट की माती? कॅन्सर पसरण्याच्या विज्ञानाचा शंभरेक वर्षांचा वाद या दोन शब्दांत बसतो.

७३५ बायकांचे रेकॉर्ड

कॅन्सर शरीरात दुसरीकडे जाऊन वाढतो त्याला 'मेटास्टॅसिस' म्हणतात. कॅन्सरच्या संदर्भात हा शब्द रुजवला पॅरिसच्या जोसेफ रेकामिए या डॉक्टरने, १८२९ मध्ये. पण तिकडे नक्की जातं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पेशीविज्ञानाचा बाप म्हणावा असा रुडॉल्फ फिरशॉ, त्याचंसुद्धा मत असं की गाठीतून काहीतरी द्रव पाझरतो आणि तो दुसरीकडच्या पेशींना बिघडवतो. पुढे थिएर्श आणि वाल्डायर या जर्मन संशोधकांनी दाखवलं की प्रवास करतात त्या प्रत्यक्ष कॅन्सरच्या पेशीच. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस अॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. म्हणजे बी सापडलं, आणि पाटातच सापडलं.

मग येतो आपला हिरो. स्टीफन पॅजेट, लंडनचा सर्जन. १८८९ मध्ये त्याने 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. पठ्ठ्याने केलं काय? कुठलाही प्रयोग नाही, नवं यंत्र नाही. ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ बायकांचे शवविच्छेदनाचे रेकॉर्ड गोळा केले आणि मोजायला बसला. आजच्या भाषेत डेटा अॅनालिसिस, तेही एक्सेलशिवाय! लिव्हरमध्ये कॅन्सर होता २४१ जणींच्या. आणि प्लीहेमध्ये? फक्त १७ जणींच्या.

आता बघा, ब्रेस्टमधून निघालेली पेशी आधी हृदयात जाणार, फुप्फुसातून फिरणार आणि मग धमन्यांमधून सगळीकडे वाटली जाणार. प्लीहेलाही धमनीचं भरपूर रक्त मिळतं. पेशी नुसत्या रक्तासोबत वाहत जाऊन कुठेही अडकत असत्या, तर २४१ विरुद्ध १७ एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. पॅजेटने निष्कर्ष काढला तो अगदी शेतकऱ्याचा : झाडाचं बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. सगळे लोक बी तपासतायत, मातीकडेही कुणीतरी बघा, असं त्याचं म्हणणं.

मला पॅजेटचं अजून एक आवडलं. ही कल्पना आपली एकट्याची नाही हे त्याने लेखात सांगितलं आणि एर्न्स्ट फुक्सचं नाव घेतलं. फुक्स हा डोळ्यांचा डॉक्टर, त्याने १८८२ मध्ये डोळ्यातल्या गाठींवर लिहिलं होतं. योगायोग असा की डोळ्याच्या आतला मेलॅनोमा पसरतो तेव्हा तो बहुतेक वेळा लिव्हरमध्येच जातो. डोळा कुठे, लिव्हर कुठे! मध्ये सरळ चारी नाही, पाट नाही. तरीही.

एवढं स्पष्ट असूनही पॅजेट जवळजवळ विस्मरणात गेला. कारण १९२८ मध्ये जेम्स युइंग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने ठामपणे मांडलं की माती वगैरे काही नाही, रक्ताचा रस्ता जिकडे नेईल तिकडे पेशी अडकणार आणि वाढणार. युइंग फार मोठं नाव. आणि तो चुकीचं बोलत होता असंही नाही. आतडं, जठर, स्वादुपिंड या सगळ्यांचं रक्त 'पोर्टल व्हेन' नावाच्या एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं आणि मग हृदयाकडे. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त या शिरेचं. म्हणजे पोर्टल व्हेन हा पाट, आणि लिव्हर हा पाटावरचा पहिला फड. आतड्याच्या कॅन्सरचं बी पहिल्यांदा इथेच येऊन पडणार, हे उघड आहे. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाचं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून जातं, आणि तिथल्या कॅन्सरमध्ये फुप्फुसात पसरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. युइंगला एक मार्क द्यायलाच हवा.

निकाल लागला तो १९७० नंतर. आयझाया फिडलर या शास्त्रज्ञाने उंदरांच्या रक्तात किरणोत्सर्गी खूण केलेल्या मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या आणि त्यांचा माग काढला. २४ तासांनी हजारातली एखादी पेशीच जिवंत उरली होती. म्हणजे बी पाटात पडणं ही फार मोठी गोष्ट नाही, बहुतेक बी मरतंच. पुढे त्याने आणि इयान हार्टने दाखवलं की तीच पेशी काही अवयवांत वाढते आणि काहींत तिथवर पोचूनही वाढत नाही.

उंदरांचं ठीक आहे, माणसांचं काय? १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅरिनने जे पाहिलं ते वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. काही कॅन्सर पेशंटच्या पोटात सारखं पाणी भरायचं. आराम मिळावा म्हणून ते पाणी एका नळीने मानेजवळच्या शिरेत वळवायचे. त्या पाण्याबरोबर लाखो कॅन्सर पेशी थेट रक्तात जात होत्या, महिनोन्महिने. युइंगच्या हिशोबाने या लोकांचं शरीर गाठींनी भरून जायला हवं होतं. बहुतेकांच्या बाबतीत तसं झालं नाही. पाट उघडाच होता, बी वाहत होतं, आणि माती नाही म्हणत होती.

पॅजेट पंच्याण्णव वर्षांनी जिंकला.

लिव्हरची माती

मग लिव्हरची मातीच का मानवते? इथे लिव्हरच्या आत शिरावं लागेल.

लिव्हरमध्ये रक्त ज्या बारीक नळ्यांतून फिरतं त्यांना सायनुसॉइड म्हणतात. त्यांच्या भिंतींना चक्क भोकं आहेत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. एडी विस याने १९७० मध्ये ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवली. बाकीच्या अवयवांत असते तशी पक्की अस्तराची पट्टीही या भिंतीमागे नाही. कारण रक्तातला माल लिव्हरच्या पेशींना झटपट उचलायचा असतो. वेग हवा म्हणून सिक्युरिटी जरा ढिली ठेवली, आपल्या ऑफिसातल्या इंटर्नल सर्व्हरसारखी. शिवाय इथे रक्त हळू वाहतं. वाहून आलेल्या पेशीला थांबायला जागा आयती.

अर्थात राखणदार आहेत. या नळ्यांत ठाण मांडून बसलेल्या 'कुप्फर पेशी'. शरीरातल्या ठाणबंद भक्षक पेशींपैकी ८० ते ९० टक्के एकट्या लिव्हरमध्ये आहेत. हे आपले जागल्या. आलेल्या कॅन्सर पेशी हे सुरुवातीला खरोखर गिळतात. सोबत एनके नावाच्या मारेकरी पेशीही असतात. आलेल्या बहुतेक पेशींचा निकाल इथेच लागतो.

नावाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कार्ल कुप्फरने १८७६ मध्ये सोन्याचा क्षार वापरून लिव्हरमधल्या ताऱ्यासारख्या पेशी रंगवल्या आणि 'तारापेशी' असं नाव दिलं. नंतर, १८९८ मध्ये, त्याला भक्षक पेशी दिसल्या आणि या त्याच असं तो धरून चालला. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या जाती होत्या! हा गुंता १९७१ मध्ये जपानच्या केनजिरो वाके याने सोडवला. त्र्याहत्तर वर्षं एकच व्हेरिएबल नेम दोन गोष्टींना. लिगसी कोडवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

त्या मूळच्या तारापेशी म्हणजेच 'स्टेलेट पेशी'. एरवी गरीब गायी. शरीरातलं बहुतेक व्हिटॅमिन ए साठवून कोपऱ्यात पडून असतात. पण लिव्हरला इजा झाली की त्यांचं रूप पालटतं. व्हिटॅमिन टाकून देतात आणि धागेदार प्रथिनं विणायला लागतात, जखम भरायला म्हणून. हे दुरुस्तीचं काम कॅन्सरच्या पथ्यावर पडतं. एखाद्या पेशीने भोकातून आत शिरून बस्तान मांडलं की स्टेलेट पेशींना वाटतं जखम आहे, आणि त्या तिच्याभोवती मांडव घालून देतात. त्याच्या आधाराने नव्या रक्तवाहिन्या येतात. जागल्याही फितूर होतात. सूज आली की त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे नळीच्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात आणि वाहत जाणाऱ्या पुढच्या कॅन्सर पेशी त्यालाच धरून थांबतात.

म्हणजे बाहेरचा कुणी येऊन लिव्हर फोडत नाही. लिव्हरच्या रोजच्या चांगल्या सवयीच वापरल्या जातात. हे मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटलं.

पेरणीआधीची मशागत

इथवरची गोष्ट बी आणि मातीची. गेल्या वीस वर्षांत तिला नवं वळण लागलं. २००५ मध्ये डेव्हिड लायडनच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की कॅन्सर पेशी पोचण्याआधीच त्या जागी तयारी सुरू झालेली असते. २०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर काम आलं. गाठ रक्तात 'एक्झोसोम' नावाच्या अतिसूक्ष्म पुड्या सोडते. त्या लिव्हरमध्ये पोचतात, कुप्फर पेशी त्या गिळतात आणि एक निरोप पुढे देतात. निरोप ऐकून स्टेलेट पेशी विणकाम सुरू करतात, मग अस्थिमज्जेतून आणखी पेशी येऊन बसतात. बी यायच्या आधीच नांगरट आणि खत! त्याच वर्षी या गटाने दाखवलं की पुड्यांवर पत्ताही असतो. पुडीवर एका प्रकारचे इंटेग्रिन रेणू असले तर ती लिव्हरला जाते, दुसऱ्या प्रकारचे असले तर फुप्फुसाला. पिन कोडच म्हणा ना. २०१९ मध्ये तर खुद्द हिपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरच्या मुख्य कामकरी पेशी, याही मशागतीत सामील होतात असं उंदरांत दिसलं.

अजून एक गोष्ट. लिव्हर स्वभावाने सहनशील आहे. आतड्यातून रोज परक्या प्रथिनांचे, जंतूंचे तुकडे येतात, प्रत्येकावर भडकून चालणार नाही. १९६९ मध्ये रॉय काल्न या सर्जनने डुकरांमध्ये परक्या डुकराचं लिव्हर बसवलं, आणि प्रतिकारशक्ती दाबायची औषधं न देताही ते अनेकदा टिकलं. आता त्या सहनशीलतेची दुसरी बाजू. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की लिव्हरमध्ये गाठी असल्या की तिथल्या भक्षक पेशी रक्तातल्या लढाऊ टी-पेशींना ओढून घेऊन संपवतात. त्यामुळे इम्युनोथेरपी संपूर्ण शरीरातच कमी पडते. राखणीला ठेवलेल्यांनीच गावचे पैलवान मारावेत, तसं.

परळचा अध्याय

या सगळ्यात आपण कुठे? परळला. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, त्याचे पहिले संचालकही तेच. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनच्या. खानोलकरांकडे १९४९ मध्ये पीएचडी करून त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. जगप्रसिद्ध 'हेला' पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गाय. परत येऊन रणदिवेबाईंनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. शरीराबाहेर, काचेच्या बशीत पेशी जगवायची विद्या. ही विद्या नसती तर वरच्या परिच्छेदांतलं निम्मं कुणाला कळलं नसतं.

आणि पॅजेटच्या प्रश्नाला परळने थेट उत्तरही दिलंय. कॅन्सर आधीच दूर पसरलेला असताना ब्रेस्टमधली मूळ गाठ काढून काही फायदा होतो का? डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांवर चाचणी घेतली. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले, एका गटात मूळ गाठीवर ऑपरेशन आणि रेडिएशन, दुसऱ्यात नाही. २०१५ मध्ये निकाल आला : मध्यमान आयुष्य एकीकडे १९.२ महिने, दुसरीकडे २०.५. आयुष्य वाढलं नाही. दुसऱ्या फडात तण उगवल्यावर वरचं झाड उपटून खालचं तण मरत नाही. एका मोठ्या ऑपरेशनची वेदना आणि खर्च किती घरांचा वाचू शकतो याचा विचार करा. साक्रीहून मुंबईच्या वाऱ्या केलेल्या माणसाला त्या आकड्याची किंमत कळते.

दुसरी चाचणी आशेची. ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळतानाच बी उधळत असेल तर? गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे दातवाले वापरतात ते भुलीचं साधं औषध, टोचून बघितलं. भारतातल्या ११ केंद्रांवर, १६०० बायका. २०२३ मध्ये निकाल छापून आला : पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर. इंजेक्शन स्वस्तातलं, कुठल्याही तालुक्याला मिळणारं.

नावात काय आहे?

बरंच काही. लिव्हरमध्ये दिसलेली गाठ म्हणजे 'लिव्हरचा कॅन्सर' असेलच असं नाही. लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर वेगळा, त्याच्यामागे बहुतेकदा कावीळ बी आणि सी, दारू, फॅटी लिव्हर अशी कारणं असतात. ब्रेस्टमधून तिथे गेलेला कॅन्सर हा ब्रेस्ट कॅन्सरच. पुण्यात सहा वर्षं राहूनही मी साक्रीचाच, तसं. औषधंही मूळ गावाप्रमाणे ठरतात. आपल्या क्षेत्रातलं ठळक उदाहरण स्टीव्ह जॉब्सचं. त्याचा कॅन्सर स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ प्रकारचा, तो लिव्हरमध्ये पसरला, २००९ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि २०११ मध्ये तो गेला. तिथेही मूळ पत्ता स्वादुपिंडाचाच.

आणि 'लिव्हरला गेला म्हणजे संपलं' हेही सरसकट खरं नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये लिव्हरमधल्या मोजक्या गाठी कापून काढता येतात आणि त्यातले काही जण पूर्ण बरे होतात. सर्जन लोकांना हे जमायला लागलं कारण १९५० च्या दशकात क्लोद कुइनो या फ्रेंच माणसाने लिव्हरचे आठ स्वतंत्र भाग नकाशासारखे आखून दिले. प्रत्येकाला आपली चारी, आपलं पाणी. थोडक्यात, त्याने लिव्हरमधले फड मोजले.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत कुणाच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचं नाव आलं तर पहिला प्रश्न 'पीत होते का?' हा नको. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे, 'हा मूळचा कुठला?' आणि घरच्यांना विचारायचा, 'मुंबईला सोबत कोण जातंय?'